कानडाची मोटार

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. धाकट्या मामांचा फोन आला. "गोठा पाडतोय रं. पावसाच्या आत काम उरकायचं हाय. तुला काय बघायचं असंल तर येऊन जा. बुधवारी भंगारवाला येणार हाय."

माझं आजोळ कऱ्हाडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथंच गेल्या, त्यामुळे गोठ्याचा कोपरान् कोपरा माझ्या माहितीचा. गुरं जाऊन वीस वर्षं झाली होती आणि गोठ्याची अडगळीची खोली झाली होती. तुळईला ओगल्यांचा प्रभाकर कंदील टांगलेला. भिंतीशी मोटेचं लाकडी चाक, मोडका लोखंडी नांगर, उसाच्या काकवीचे रिकामे डबे. आणि गव्हाणीच्या मागे, कडब्याच्या चुऱ्यात अर्धं बुडालेलं, आम्ही मुलं ज्यावर घोडा घोडा खेळायचो ते इंजिन.

या इंजिनावरून आमच्या घरात बरंच रामायण झालेलं आहे. माझ्या आईच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ऐन तारुण्यात नदीकाठची दोन एकर जमीन विकून मोटार घेतली आणि कऱ्हाड-पाटण रस्त्यावर उतारू नेण्याचा धंदा सुरू केला. त्या काळी त्याला सर्व्हिस मोटार म्हणत. आजीच्या पाटल्याही त्यात गेल्या. काही वर्षांनी धंदा बसला. जमीन गेली ती गेलीच. पुढे घरात कोणी जरा धाडसी बेत बोलून दाखवला की, "झालं, आबांची मोटार निघाली!" हे वाक्य ठरलेलं असे. माझी आई तर शेवटपर्यंत म्हणायची, "आमच्या आबांना दोनच गोष्टी जमल्या. जमीन विकणं आणि थापा मारणं."

या थापांपैकी दोन अगदी प्रसिद्ध होत्या. पहिली म्हणजे, आबा आपल्या मोटारीला 'कानडाची मोटार' म्हणायचे. ती समुद्रातून आली असंही सांगायचे. ऐकणारे हसायचे, कारण कानडी मुलूख आमच्यापासून चार पावलांवर. तिथून यायला समुद्र कशाला लागतो? दुसरी थाप कुंभार्ली घाटाची. चिपळूणला जाऊन परत येताना घाटात आपण मोटार उलटी चढवायचो, पुढचं तोंड कोकणाकडे आणि पाठ देशाकडे, असं ते शपथेवर सांगत. गावात त्यावरून त्यांना उलट्या डोक्याचा माणूस म्हणायचे.

मी इतिहास शिकवत आलो. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. पण भंगारवाला यायच्या आधी ते इंजिन नेमकं कशाचं आहे, एवढं तरी पाहून ठेवावं असं वाटलं. जुनं कागदपत्र हाती आलं की आपण आधी ते कोणाचं, कुठलं आणि कधीचं हे ठरवतो. लोखंडालाही तेच तीन प्रश्न विचारता येतील, असं म्हणून मी मंगळवारी सकाळी पोहोचलो.

पहिली अडचण नावाची. तुळईवरच्या कंदिलाला नाव होतं. नांगरावर किर्लोस्करांची अक्षरं अजून वाचता येत होती. इंजिनावर मात्र कुठेही नामपट्टी नाही. असलीच तर ती कधीच निघून गेलेली. वरून गंजाची, वंगणाची आणि कोंबड्यांच्या विष्ठेची इंचभर साय. मामांनी गावातल्या एका मिस्त्रींना बोलावून आणलं. एस.टी.च्या आगारात हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली, बोटाने जरा खरवडलं आणि म्हणाले, "आण्णा, आधी घासलेट आणा. आंघोळ घातल्याबिगर ह्यो काय बोलायचा न्हाई."

दोन तास घासलेट, तारेचा ब्रश आणि चिंध्या असा कार्यक्रम चालला. मग मिस्त्रींनी जे शिकवलं, ते सांगतो.

आपल्याकडच्या गोठ्यात किंवा विहिरीवर जुनं इंजिन सापडलं, तर ते बहुधा शेतीचं ऑइल इंजिन असतं. साताऱ्याच्या कूपरचं, पुण्याच्या किर्लोस्करांचं किंवा विलायती. त्याची खूण सोपी. बहुतेक वेळा एकच सिलिंडर, आणि बाजूला मोठं जड चाक. आमच्या इंजिनाला चार सिलिंडर एका रांगेत होते आणि चारही एकाच बिडाच्या ओतीव ठोकळ्यात. वर झाकणासारखं हेड, आणि त्यात स्पार्क प्लगची चार भोकं. ठिणगी लागते म्हणजे डिझेल नाही, पेट्रोलचं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन म्हणजे मोटारीचं. इथपर्यंत आबा खरे ठरले.

"मग जीप असंल," मामा म्हणाले. अंदाज वाईट नव्हता. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या लिलावात निघाल्या आणि आपल्याकडे गावोगाव पोहोचल्या. जीपच्या इंजिनालाही चारच सिलिंडर, आणि त्याचेही व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी, ठोकळ्यात बसवलेले. पण मिस्त्रींनी मान हलवली. जीपच्या इंजिनाला पुढे पाणी फिरवणारा पंप असतो. याला पंप बसवायची जागाच नव्हती. पाणी आत यायला बाजूला एक तोंड आणि बाहेर जायला वर एक तोंड, बस्स. बंबातलं पाणी जसं तापलं की आपोआप वर चढतं, त्याच तत्त्वावर हे इंजिन थंड राहायचं.

दुसरी गोष्ट त्याहून ठळक. जीपचा गिअरबॉक्स वेगळा, इंजिनाला मागून जोडलेला. इथे इंजिनाचा तळ म्हणजे दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याची एक लांबच लांब परात होती, आणि तीच मागे गिअरच्या खालून गेलेली. इंजिन आणि गिअर एकाच घरात नांदणारे. मागच्या झाकणातून तीन पेडलचे कापलेले दांडे बाहेर आले होते. मिस्त्री त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "पस्तीस वर्षं गाड्या खोलल्या," ते म्हणाले, "पर असलं काय बघितलं न्हाई."

हेडचे बोल्ट निघाले तेव्हा दुपार झाली होती. आत एका सिलिंडरमध्ये उंदरांनी घर केलेलं. ते साफ करून मिस्त्रींनी सिलिंडरचं तोंड मोजलं. पावणेचार इंचांना अगदी थोडं जास्त. ते जास्तीचं म्हणजे झीज. दट्ट्याची खालीवर धाव चार इंच. जीपच्या सिलिंडरचं तोंड सव्वातीन इंचांपेक्षाही लहान असतं. म्हणजे जीप बाद.

मग सापडला नंबर. पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर ठोकळ्यावर एक सपाट जागा होती. तिथे ठोकून उमटवलेले आकडे होते. एकूण सहा, त्यातले शेवटचे दोन गंजाने खाल्लेले. आणि आकड्यांच्या आधी एक अक्षर, इंग्रजी 'सी'.

"सी म्हणजे शेव्हरोलेट!" मिस्त्री आनंदाने म्हणाले. एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोलेट, फोर्ड, बेडफर्ड अशा गाड्या होत्या, त्यामुळे हे नाव त्यांच्या तोंडात बसलेलं. शिवाय १९२० च्या सुमाराच्या चार सिलिंडरच्या शेव्हरोलेटचं माप या इंजिनाच्या फार जवळ जातं. तिची धावही चार इंच, आणि तोंड फक्त एक सोळांश इंचाने लहान. शंभर वर्षांच्या झिजेत एक सोळांश इंच काय विचारता? मीही वहीत 'शेव्हरोलेट' लिहिलं आणि समाधानाने जेवायला बसलो.

रात्री झोप लागेना. संशोधनात माणूस घसरतो तो अशाच जागी. एक अक्षर आपल्याला हवं ते बोलतं, एक माप जुळतं, आणि न जुळणाऱ्या गोष्टींकडे काणाडोळा होतो. शेव्हरोलेटची ती इंजिनं व्हॉल्व्ह हेडमध्ये असलेली होती. आमच्या इंजिनाचं हेड म्हणजे नुसतं झाकण; व्हॉल्व्ह खाली ठोकळ्यात. हा फरक झिजेने पडत नाही. मग अक्षर 'सी', पण गाडी शेव्हरोलेट नाही, असं कसं?

भंगारवाल्याला मामांनी दोन दिवस थांबवलं. मी फोटो, मापं आणि वही घेऊन परतलो आणि जुन्या मोटारींवरची पुस्तकं काढून बसलो. एकाच ठोकळ्यात ओतलेले चार सिलिंडर, सुटं निघणारं हेड, पावणेचार बाय चार इंचांचं माप, पाण्याला पंप नाही, तेलाला पंप नाही, गिअर आणि इंजिन एकाच तेलात, तीन पेडल आणि पाण्याच्या तोंडावर ठोकलेला नंबर. या सगळ्या खुणा एकत्र असलेली गाडी एकच आहे. फोर्ड मॉडेल टी.

जगात मोटार ही श्रीमंतांची चैन होती, ती सामान्य माणसाच्या अंगणात आणली ती या गाडीने. हेन्री फोर्ड यांच्या कंपनीने ती १९०८ च्या ऑक्टोबरात विक्रीला काढली. ताकद २० अश्वशक्ती. त्या वेळी अनेक कारखान्यांत सिलिंडर एकेकटे किंवा जोडीने ओतून मग एकत्र बसवत. फोर्डने चारही एकदम ओतले आणि वरचं हेड सुटं ठेवलं. त्यामुळे ओतकाम स्वस्त झालं आणि दुरुस्ती इतकी सोपी झाली की शेतकऱ्याने पाना घेऊन खळ्यात इंजिन उघडावं. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात झाली. आधी एका गाडीचा सांगाडा जोडायला साडेबारा तास लागत, तेच काम पुढे ९३ मिनिटांत होऊ लागलं. सुरुवातीला ८५० डॉलरची ही गाडी. १९२५ च्या सुमाराला तिचा सर्वांत स्वस्त दोन आसनी प्रकार २६० डॉलरला मिळू लागला. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि त्यानंतर हे मॉडेल बंद झालं.

आता तो 'सी'. तो काही शेव्हरोलेटचा नव्हता. तो कॅनडाचा होता.

डेट्रॉइट शहरासमोर नदी आहे, आणि नदीच्या पलीकडे कॅनडा. १९०४ मध्ये वॉकरव्हिल या पलीकडच्या गावातले गॉर्डन मॅकग्रेगर हे गृहस्थ फोर्डकडे गेले. त्यांच्या कुटुंबाचा घोडागाड्यांचा कारखाना होता. दोघांच्या करारातून फोर्ड मोटर कंपनी ऑफ कॅनडा निघाली. या कंपनीला एक मोठा हक्क मिळाला. खुद्द ब्रिटन आणि आयर्लंड सोडून बाकी सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड गाड्या विकायचा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, मलाया आणि अर्थातच हिंदुस्थान. म्हणून आपल्याकडे धावलेल्या मॉडेल टी गाड्या अमेरिकन म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी त्या येत कॅनडातून. तिथल्या इंजिनांचे नंबर वेगळे कळावेत म्हणून आधी 'सी' हे अक्षर ठोकलेलं असे.

मी मामांना फोन लावला. "मामा, आबा मोटारीला काय म्हणायचे?"

"कानडाची मोटार. का रं?"

"जुन्या मराठीत कॅनडाला कानडा म्हणायचे, मामा."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग मामा म्हणाले, "म्हंजे समुद्रातनंच आली की."

इथे जरा सावध राहायला हवं. इंजिन कॅनडात झालं एवढंच ते अक्षर सांगतं. आबांनी गाडी नवी घेतली की कोणाची वापरलेली, हे ते सांगत नाही. शिवाय कॅनडाच्या कंपनीने १९२६ मध्ये इथली शाखा, फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडिया, काढली आणि मुंबईत सुट्या भागांतून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सने शिवडीला आपला जोडणी कारखाना उघडला. लाकडी खोक्यांत भरून सांगाडे, इंजिनं, चाकं यायची आणि इथले कामगार त्यांच्या मोटारी करायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण घेतलं की नुसती जोडणी चालणार नाही, गाडी इथेच बनवायची तयारी हवी. त्यानंतर १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात या दोन्ही कंपन्यांनी आपलं इथलं काम आवरलं.

मग आमचं इंजिन कोणत्या सालचं? नंबर पुरता असता तर काम सोपं होतं. त्या काळी मॉडेल टीची ओळख म्हणजे तिच्या इंजिनाचा नंबर. बहुतेक वर्षं तिच्या सांगाड्यावर वेगळा नंबर ठोकतच नसत. आजही आपल्या आर.सी. पुस्तकात चॅसी नंबरच्या जोडीला इंजिन नंबर असतो. पण आमच्याकडचे दोन आकडे गेलेले, तेव्हा अंगाच्या खुणांवरून वय ठरवणं आलं. १९१७ च्या आधीची हेड बुटकी असत. आमचं उंच आहे. व्हॉल्व्हच्या कप्प्याला आधी दोन झाकणं असत, १९२२ च्या सुमाराला त्यांचं एक झालं. आमच्या इंजिनाला एकच लांब झाकण आहे. म्हणजे १९२२ च्या अलीकडचं. शेवटची मर्यादा १९२७ म्हणावी, तर एक पाचर आहे. गाडी बंद झाली तरी बदली म्हणून ही इंजिनं थोडी थोडी १९४१ पर्यंत निघत होती. पण आबांचं लग्न, जमिनीच्या विक्रीचं साल आणि थोरल्या मावशीचा जन्म यांचा ताळा घातला तर १९२०चं दशक बरोबर बसतं.

आणि मग घाटाची थाप.

मॉडेल टीमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असे आणि तिथून पेट्रोल इंजिनाकडे केवळ उतारामुळे वाहत जाई. पेट्रोल ढकलणारा पंप नव्हता. टाकी निम्मीशिम्मी असताना गाडी उभा चढ चढू लागली की नाक वर, टाकी खाली. पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचेना आणि गाडी घाटातच बंद पडे. यावर उपाय सरळ होता. गाडी फिरवायची आणि उलटी चढवायची. मग टाकी वर, इंजिन खाली. याला दुसरंही कारण होतं. या गाडीला पुढे जायचे दोनच गिअर. त्यातल्या चढाच्या गिअरमध्ये इंजिनाचे पावणेतीन फेरे झाले की मागच्या दांड्याचा एक फेरा होई. उलट्या गिअरमध्ये हे प्रमाण चारास एक. म्हणजे उलट्या गिअरची ओढ सर्वांत जास्त. जगभर, जिथे जिथे डोंगर होते तिथे तिथे, मॉडेल टीवाले पाठ करून चढत होते. आमच्या आबांनी कुंभार्लीत तेच केलं. फक्त ज्यांना ते सांगायचं, त्यांच्यापैकी कोणी ती गाडी हाकलेली नव्हती.

मी पुन्हा गावी गेलो तेव्हा हे सगळं मामांना समोर बसवून सांगितलं. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मधेच उठून ते म्हणाले, "थांब. लाकडाचं खोकं. ल्हान असताना माळ्यावर एक लाकडी खोकं गावलं व्हतं. मी धोंड्यानं फोडलं. आत डांबर, आन् केसासारखी तांब्याची तार. आबांनी मला तवा लई मारलं व्हतं." मॉडेल टीमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या ठिणगीसाठी एक, अशा लाकडी खोक्यांतल्या चार कॉइल असत. आत तारेची गुंडाळी आणि वर डांबरासारखा थर. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या त्या माराचं कारण मामांना त्या दिवशी कळलं.

इंजिनाच्या पायाशी अजून एक गोष्ट होती, ती आम्ही आधी नीट पाहिलीच नव्हती. पुढच्या टोकाला गाडीची नसलेली, गावातल्या लोहाराने बसवलेली मोठी पुली. तिच्यावर सपाट पट्ट्याची झीज. खाली बाभळीचे दोन ओंडके आणि त्यांना आवळलेले बोल्ट. म्हणजे गाडी थांबल्यावर आबांनी इंजिन काढून कशावर तरी चालवलं होतं. मामांना ते आठवत होतं. "हिरीवर. मोटंऐवजी. सकाळी हँडल मारायचं, आन् सगळ्या शिवारात ऐकू जायचं." ही कल्पनाही जगावेगळी नव्हती. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी मॉडेल टीच्या मागच्या चाकाला पट्टा लावून लाकडं कापली, पाणी उपसलं, धान्य दळलं.

सर्व्हिस मोटारींचा धंदा बसला तो एकट्या आबांचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं. काहींनी गाडीच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बांधून दिवस काढले. मग १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली सरकारी एस.टी. सुटली आणि एकेक रस्ता करत उतारूंची वाहतूक सरकारकडे गेली. गावोगावचे छोटे मोटारवाले त्यात संपले. काही एस.टी.त चालक म्हणून लागले, काही शेतीकडे वळले. आबा शेतीकडे वळले आणि जाताना इंजिन बरोबर घेऊन गेले.

आता या सगळ्यावरून आबा शहाणे ठरतात का? मामांनी मला हेच विचारलं. मी म्हटलं, तेवढं इंजिन सांगत नाही. इतकं मात्र म्हणता येतं, की त्यांनी जमीन विकून संस्थानिकाची गाडी आणली नव्हती. त्या काळातली सर्वांत स्वस्त, शेतकऱ्याला दुरुस्त करता येईल अशी, खडबडीत रस्त्यासाठीच बनवलेली गाडी आणली होती. ती मोडली तेव्हा तिच्यातला कामाचा भाग त्यांनी फेकला नाही. आणि घाटाबद्दल, कानडाबद्दल ते खोटं बोलत नव्हते. आजीच्या पाटल्या मात्र परत आल्या नाहीत. त्याचा हिशेब कुठल्याही नंबरावरून लागत नाही. माझी आई आज असती तर तिने सगळं ऐकून घेतलं असतं आणि शेवटी पाटल्यांचंच विचारलं असतं. तिचंही बरोबरच होतं.

भंगारवाला शुक्रवारी आला. त्याने नांगराचं लोखंड, पत्रे आणि जुनी दारं वजन करून नेली. इंजिनाकडे पाहून म्हणाला, "आन् हे?" मामा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे." गोठ्याच्या जागी आता धाकट्या मामेभावाचं घर उभं राहतंय. इंजिन सध्या विहिरीजवळ, पत्र्याच्या छपराखाली आहे. मिस्त्री दर रविवारी येतात आणि त्याच्या दट्ट्यांवर थोडं तेल सोडून जातात. एकदा तरी ते फिरवून बघायचं त्यांच्या मनात आहे.

आपल्यापैकी कोणाच्या वाड्यात, गोठ्यात, गुऱ्हाळाच्या छपराखाली असं काही पडलेलं असेल, तर एक विनंती आहे. वजनावर देण्याआधी त्याला घासलेटने एकदा धुवा. अंगावर नंबर शोधा आणि तो कागदावर उतरून घ्या. आकड्याच्या आधीचं अक्षर सोडू नका. सिलिंडरचं तोंड मोजा. आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल, तर त्या इंजिनाबद्दल त्यांनी आजवर सांगितलेल्या थापाही शेजारी लिहून ठेवा.